युरोमिलियन्स कशी खेळायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडमध्ये रीडिंगला राहतो. युरोमिलियन्सचा जॅकपॉट पंधरा-वीस कोटी युरोंच्या घरात गेला की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न यायला लागतात. नुकतेच नोकरीसाठी इथे आलेले विचारतात, लेकीकडे सहा महिने राहायला आलेले आईवडील विचारतात, आणि भारतातून तर सर्वांत जास्त विचारणा होते. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. भारतातून वाचत असाल तर आधी प्रश्न ९ आणि १० वाचा, बाकीचं नंतर.

१. युरोमिलियन्स म्हणजे नक्की काय? ती कुठल्या एका देशाची आहे का?

नाही. युरोपातल्या नऊ देशांच्या अधिकृत लॉटऱ्या मिळून ही एकच सोडत चालवतात. फ्रान्स, स्पेन आणि ब्रिटन यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये ती सुरू केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रिया, बेल्जियम, आयर्लंड, लक्झेंबर्ग, पोर्तुगाल आणि स्वित्झर्लंड आले. सोडत पॅरिसमध्ये होते, दर मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री. मंगळवारची सोडत मे २०११ पासूनची, त्याआधी फक्त शुक्रवार होता.

मात्र तिकीट विकणं, बक्षीस देणं, कर, मुदत हे सगळं ज्या त्या देशाच्या लॉटरीच्या नियमांनी चालतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

२. मी ब्रिटनमध्ये नवीन आहे. दुकानात जाऊन तिकीट कसं घ्यायचं?

वय १८ पूर्ण हवं. एप्रिल २०२१ पर्यंत इथे सोळाव्या वर्षी तिकीट मिळायचं, आता नाही.

नॅशनल लॉटरीची पाटी असलेल्या कुठल्याही दुकानात कोऱ्या स्लिपा ठेवलेल्या असतात. स्लिपवर चौकटी असतात आणि एक चौकट म्हणजे एक लाइन. वरच्या भागात १ ते ५० पैकी पाच आकडे निवडायचे, खालच्या भागात १ ते १२ पैकी दोन ‘लकी स्टार’. मंगळवार, शुक्रवार की दोन्ही, आणि किती आठवडे, तेही तिथेच सांगायचं. एका लाइनला एका सोडतीचे अडीच पौंड पडतात. आकडे निवडायचे नसतील तर स्लिप भरायचीच गरज नाही. काउंटरवर ‘युरोमिलियन्स, वन लकी डिप’ म्हणा, मशीन स्वतः आकडे काढून देतं.

आता नवख्यांची हमखास होणारी चूक. भरलेली स्लिप म्हणजे तिकीट नव्हे. स्लिप मशीनमधून गेल्यावर जो छापील कागद बाहेर येतो तेच तिकीट. एका मुलाने स्लिप जपून पाकिटात ठेवली होती आणि तिकीट दुकानाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. काउंटर सोडण्याआधी तिकिटावरचे आकडे आणि सोडतीची तारीख वाचा. सोडतीच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला विक्री थांबते, त्यानंतर घेतलेलं तिकीट पुढच्या सोडतीचं असतं.

३. सगळे आकडे जुळले तरच पैसे मिळतात का?

नाही, बक्षिसाच्या तेरा पायऱ्या आहेत. सर्वांत वरची म्हणजे पाच आकडे आणि दोन्ही स्टार. सर्वांत खालची म्हणजे नुसते दोन आकडे, ज्यात साधारण तिकिटाचे पैसे निघतात. एक आकडा आणि दोन्ही स्टार जुळले तरी बक्षीस आहे. पण एक आकडा आणि एकच स्टार, किंवा नुसते दोन स्टार, याला काही नाही. यावरून दुकानात वाद घालणारे मी पाहिले आहेत.

खालच्या पायऱ्यांची रक्कम ठरलेली नसते. विक्रीतला ठरावीक वाटा त्या पायरीला जातो आणि तो तिथल्या सगळ्या विजेत्यांत विभागला जातो. म्हणून तीच पायरी एका आठवड्यात जास्त देते, दुसऱ्या आठवड्यात कमी.

आणखी एक गोष्ट. ब्रिटनमधल्या प्रत्येक तिकिटावर अक्षरं आणि आकडे मिळून एक कोड छापलेला असतो. तो ‘मिलियनेअर मेकर’ नावाच्या वेगळ्या सोडतीचा. तिचे पैसे तिकिटातच धरलेले असतात आणि तिच्यात प्रत्येक वेळी ब्रिटनमधल्या किमान एका कोडला दहा लाख पौंड मिळतात. आकडे जुळले नाहीत म्हणून कोड न बघताच तिकीट फाडू नका.

४. जॅकपॉट लागण्याची शक्यता खरंच किती?

१३ कोटी ९८ लाख ३८ हजार १६० मध्ये एक.

हिशेब सोपा आहे. पन्नासातून पाच आकडे २१,१८,७६० प्रकारे निवडता येतात. बारातून दोन स्टार ६६ प्रकारे. दोन्हींचा गुणाकार केला की वरचा आकडा येतो.

तो डोळ्यांपुढे आणायचा तर असं बघा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आत होती. म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत त्या वेळच्या प्रत्येक माणसाचं नाव एकेका चिठ्ठीवर लिहिलं, वर आणखी अडीच कोटींहून जास्त चिठ्ठ्या टाकल्या आणि त्यातून एकच उचलली, तर ती तुमची निघण्याइतकी ही शक्यता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक लाइन खेळत राहिलात तर सरासरीने एकदा जॅकपॉट लागायला तेरा लाख वर्षांहून जास्त लागतील.

काही ना काही बक्षीस लागण्याची शक्यता मात्र साधारण तेरात एक आहे, आणि त्यातली बहुतेक बक्षिसं अगदी खालच्या पायऱ्यांची. आठवड्याला दोन लाइन म्हणजे वर्षाचे २६० पौंड. हा करमणुकीचा खर्च धरा. याला गुंतवणूक म्हणणाऱ्याचं ऐकू नका, तो घरचा असला तरी.

५. कोणते आकडे घेतले तर फायदा? जन्मतारखा चालतील का?

जिंकण्याच्या शक्यतेत काडीचाही फरक पडत नाही. १-२-३-४-५ आणि ७-१९-३३-४२-४८ यांची शक्यता अगदी सारखी आहे. फरक पडतो तो जिंकल्यावर. जॅकपॉट त्या सोडतीतल्या सगळ्या विजेत्यांत समान वाटला जातो. जन्मतारखा आणि लग्नाचे वाढदिवस घेणारे खूप असतात आणि ते सगळे १ ते ३१ मध्ये अडकतात. पाचही आकडे ३१ किंवा त्याखालचे अशा जोड्या एकूण जोड्यांपैकी जेमतेम आठ टक्के आहेत. म्हणजे या एवढ्याशा जागेत खूप गर्दी. तिथले आकडे आले तर वाटेकरी जास्त निघण्याचा संभव, एवढाच काय तो अर्थ. लकी डिप घेतलंत तर हा विचार करायची गरज उरत नाही.

६. जुन्या निकालांत १२ नंबरचा स्टार फार कमी वेळा दिसतो. आता तो येणार ना?

हा प्रश्न हुशार माणसंच विचारतात आणि तेच फसतात. १२ नंबरचा स्टार सप्टेंबर २०१६ पर्यंत यंत्रात नव्हताच! सुरुवातीला स्टार ९ होते, मे २०११ मध्ये ११ झाले आणि २०१६ मध्ये १२. त्यामुळे २००४ पासूनचा तक्ता काढला की १०, ११ आणि १२ मागे पडलेले दिसणारच. ‘थंड आकडे’, ‘गरम आकडे’ सांगणारे अनेक तक्ते असेच बनतात. मागच्या शुक्रवारी काय आलं होतं हे चेंडूला माहीत नसतं. या तक्त्यांसाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

७. कुणालाच लागला नाही तर जॅकपॉट वाढत वाढत कुठपर्यंत जातो?

किमान जॅकपॉट १ कोटी ७० लाख युरो. न लागल्यास रक्कम पुढच्या सोडतीत जाते. तिला एक वरची मर्यादा आहे, सध्या २५ कोटी युरो. तिथे पोचल्यावर जॅकपॉट जास्तीत जास्त पाच सोडती तिथेच थांबतो. पाचव्या सोडतीतही पाच आकडे आणि दोन स्टार कुणी जुळवले नाहीत, तर सगळी रक्कम खालच्या, म्हणजे विजेता असलेल्या पहिल्या पायरीकडे जाते. जून २०२५ मध्ये ही वेळ अगदी दारात आली होती. पाचव्याच सोडतीत, १७ जूनला, आयर्लंडमधल्या एका तिकिटाला पूर्ण २५ कोटी लागले. त्याआधी मार्चमध्ये ऑस्ट्रियातल्या तिकिटाला तेवढेच लागले होते.

८. जाहीर केलेली रक्कम पूर्ण हातात येते का? कर किती?

युरोमिलियन्सचा जॅकपॉट एकरकमी मिळतो. अमेरिकेच्या पॉवरबॉलमध्ये जाहिरातीतला आकडा तीस हप्त्यांचा असतो आणि एकरकमी घेतलं तर तो बराच कमी होतो. इथे तसं नाही.

कर तिकीट घेतलं त्या देशाचा. ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स, ऑस्ट्रिया, बेल्जियम आणि लक्झेंबर्गमध्ये बक्षिसावर कर नाही. स्पेनमध्ये ४०,००० युरोंच्या वरच्या रकमेवर २० टक्के, पोर्तुगालमध्ये ५,००० युरोंच्या वरच्या रकमेवर २० टक्के. स्वित्झर्लंडमध्येही मोठ्या बक्षिसावर कर आहे. बक्षीस करमुक्त असलं तरी त्यावर पुढे मिळणाऱ्या व्याजावर कर लागतोच. तुम्ही भारतात करनिवासी, म्हणजे कराच्या हिशेबाने भारताचे रहिवासी असाल तर गोष्ट वेगळी आहे, ती प्रश्न ११ मध्ये.

९. मी पुण्यात राहतो. एका वेबसाइटवर भारतातून युरोमिलियन्स खेळता येते असं लिहिलंय. खेळू का?

नका खेळू. हे मी सावधगिरी म्हणून सांगत नाही, कायदा म्हणून सांगतो. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली २००० साली जे चालू खात्याच्या व्यवहारांचे नियम आले, त्यांच्या पहिल्याच परिशिष्टात लॉटरीची तिकिटं घेण्यासाठी परदेशी पैसे पाठवायला सरळ मनाई आहे. पूर्वपरवानगीने चालणारी ही गोष्ट नाही, पूर्ण बंद आहे. कार्डाने भरा, वॉलेटने भरा, मधल्या कुणाच्या खात्यातून भरा, व्यवहाराचं स्वरूप बदलत नाही.

दुसरी बाजू तुम्ही नेमकं काय विकत घेता याची. अशा साइट दोन प्रकारच्या असतात. काही म्हणतात की आमचा माणूस तिकडे खरं तिकीट घेतो. ते तिकीट तुमच्या हातात नसतं आणि त्यावर तुमचं नावही नसतं. बाकीच्या तिकीट घेतच नाहीत, त्या निकालावर पैज लावून घेतात. म्हणजे जिंकलात तर देणारी लॉटरी नव्हे, ती कंपनी. ब्रिटनने युरोमिलियन्सच्या निकालावर अशी पैज घेणं एप्रिल २०१८ पासून बंदच केलं आहे.

ब्रिटनच्या अधिकृत संकेतस्थळावर खातं उघडायला इथलाच पत्ता लागतो आणि तिकीट घेताना प्रत्यक्ष ब्रिटन किंवा आइल ऑफ मॅनमध्ये असावं लागतं. दिवाळीला गावी गेलेल्या इथल्या रहिवाशालाही तिथून खेळता येत नाही. भाच्याला पैसे पाठवून तिकीट घ्यायला सांगणं हेही त्याच मनाईत येतं.

१०. मला ईमेल आलाय की युरोमिलियन्समध्ये माझ्या ईमेल आयडीला बक्षीस लागलंय. खरं असेल का?

खोटं आहे. शंकेला जागाच नाही. ईमेल आयडीची किंवा मोबाइल नंबरची सोडत युरोमिलियन्समध्ये होत नाही. तिकीट घेतलं नसेल तर बक्षीस लागत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांना असाच ईमेल आला होता. त्यांनी तो छापून प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून ठेवला होता. वर गोल शिक्का, खाली सही, मध्ये ‘अभिनंदन’. आधी प्रक्रिया शुल्क मागितलं, मग कस्टमचं, मग रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीचं. प्रत्येक वेळी रक्कम आधीपेक्षा थोडी मोठी, म्हणजे आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो. सरांनी भविष्यनिर्वाह निधीतले पैसे काढून भरले आणि घरात कुणाला सांगितलं नाही. कळलं तेव्हा सर पैशांबद्दल बोलतच नव्हते, ‘मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं’ एवढंच म्हणत होते. म्हणून सांगतो, घरातल्या वडीलधाऱ्यांना असा ईमेल आला तर त्यांना हसू नका. हसण्याच्या भीतीनेच ते लपवतात.

खूण एकच पुरे: खरी लॉटरी बक्षीस देण्यासाठी आधी पैसे मागत नाही. ब्रिटनच्या अधिकृत लॉटरीत ऑनलाइन तिकिटाला काही लागलं तर खात्यात लॉग इन करून बघा असा निरोप येतो, बँकेचे तपशील कुणी विचारत नाही. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा.

११. आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आले आहेत. त्यांनी इथल्या दुकानातून तिकीट घेतलं तर चालेल?

ब्रिटनच्या बाजूने चालतं. दुकानातल्या तिकिटाला रहिवासाची अट नाही, वय १८ हवं. भारताच्या बाजूने दोन गोष्टी पाहा. एक, प्रश्न ९ मधली मनाई परकीय चलन कशासाठी काढलं याला धरून आहे. त्यामुळे प्रवासासाठी भारतातून आणलेल्या कार्डातून किंवा नोटांतून तिकीट घेऊ नये असं माझं मत आहे. दोन, भारतात करनिवासी असलेल्या माणसाचं जगभरातलं उत्पन्न तिथे करपात्र असतं. लॉटरीच्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर, वर अधिभार आणि उपकर. ब्रिटनमध्ये करमुक्त म्हणून भारतात करमुक्त असं होत नाही.

तुम्ही स्वतः इथे राहता आणि भारतात अनिवासी आहात, तर तुमच्या इथल्या बक्षिसावर भारतात कर नाही. तिकीट कुणी, कुणाच्या पैशांनी घेतलं हे आधीच स्पष्ट असू द्या.

१२. तिकीट हरवलं किंवा काळं पडलं तर? बक्षीस किती दिवसांत मागायचं?

ब्रिटनमध्ये सोडतीपासून १८० दिवस. आयर्लंड आणि पोर्तुगालमध्ये ९० दिवस, स्पेनमध्ये तीन महिने, फ्रान्समध्ये फक्त ६०. जून २०१२ च्या सोडतीत ब्रिटनमधल्या एका तिकिटाला ६ कोटी ३८ लाख पौंड लागले होते. मालक डिसेंबरपर्यंत आलाच नाही आणि रक्कम सार्वजनिक कामांच्या निधीत गेली.

हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा फाटलेल्या तिकिटासाठी मुदत वेगळी आहे, सोडतीपासून ३० दिवसांत लेखी कळवावं लागतं. १८० दिवस आहेत म्हणून निवांत राहणारे इथे अडकतात.

तिकिटाचा कागद उष्णतेने काळा पडणारा असतो. उन्हाळ्यात गाडीच्या काचेखाली ठेवलेलं माझं तिकीट दोन दिवसांत पाटीसारखं झालं होतं. घेतल्याबरोबर मागे नाव-पत्ता लिहा, दोन्ही बाजूंचा फोटो काढा, आणि पुस्तकात ठेवा. देवघरात ठेवणार असाल तर समईपासून लांब.

१३. पॅरिसला फिरायला गेलो असताना तिकीट घेतलं आणि थोडे पैसे लागले. लंडनमध्ये मिळतील?

नाही. ज्या देशात तिकीट घेतलं तिथेच बक्षीस, तिथल्याच मुदतीत (प्रश्न १२). लंडनच्या मशीनला फ्रान्सचं तिकीट ओळखताच येत नाही. परतीची गाडी पकडण्याआधी निकाल लागणार नसेल तर फिरतीवर तिकीट न घेतलेलं बरं.

१४. ऑफिसमधले आम्ही आठ जण मिळून खेळतो. काही लिहून ठेवायला हवं का?

हवंच. एक पानभर पुरतं: कोण कोण सहभागी, प्रत्येकाचा वाटा किती, तिकीट कोण घेणार, एखाद्याने एका आठवड्याचे पैसे दिले नाहीत तर तो त्या सोडतीत आहे की नाही. सगळ्यांच्या सह्या आणि तारीख. भांडणं या शेवटच्या मुद्द्यावरून होतात. ‘मी सुट्टीवर होतो, नंतर दिले असते’ हे वाक्य तेव्हा फार महाग पडतं.

ब्रिटनमध्ये याला कराचंही कारण आहे. लेखी करार आधीचा असेल तर प्रत्येकाला त्याचाच वाटा मिळाला असं धरतात. करार नसेल आणि एकाच्या नावावर आलेले पैसे त्याने वाटले तर ती त्याने दिलेली भेट ठरू शकते. मग तो सात वर्षांच्या आत वारला तर वारसा कराचा प्रश्न उभा राहतो. नवराबायको सोडून घरातल्या घरात खेळणाऱ्यांनीही हे करावं.

१५. मी म्युनिकला आहे. इथे युरोमिलियन्स का मिळत नाही?

जर्मनी त्यात नाही. तिथे युरोजॅकपॉट आहे, २०१२ मध्ये सुरू झालेली वेगळी लॉटरी. तिची सोडत हेलसिंकीत होते. नाव आणि आकडे सारखे असल्याने घोटाळा होतो: तिथेही ५० पैकी पाच आणि १२ पैकी दोन, म्हणून शक्यताही प्रश्न ४ मधलीच. जॅकपॉटची मर्यादा मात्र १२ कोटी युरो. एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही.

१६. नवरा दर आठवड्याला चाळीस-पन्नास पौंडांची तिकिटं घेतो आणि लपवतो. काय करू?

ताई, हा प्रश्न लॉटरीचा राहिलेला नाही. ब्रिटनमध्ये गॅमकेअरची हेल्पलाइन ०८०८ ८०२० १३३ मोफत आहे, घरच्या माणसांनीही फोन करायचा असतो. अधिकृत ऑनलाइन खात्यावर खर्चाची मर्यादा घालता येते, खातं ठरावीक काळ बंदही करून घेता येतं. दुकानातल्या खरेदीला अशी मर्यादा घालता येत नाही, म्हणून घरातले पैशांचे व्यवहार काही दिवस दोघांनी एकत्र बसून बघा. हे सगळं एकटीने निस्तरायला जाऊ नका.

१७. मोठं बक्षीस लागलं तर भारतातल्या नातेवाइकांना पैसे पाठवल्यावर त्यांना कर पडेल का?

कुठल्या नात्याने पाठवता त्यावर आहे. आईवडील, भावंडं, मुलं यांना दिलेल्या भेटीवर भारतात घेणाऱ्याला कर नाही. चुलत, मावस, आते, मामे भावंडं मात्र आयकर कायद्याच्या ‘नातेवाईक’ व्याख्येत बसत नाहीत. त्यांना वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त मिळाले तर ती सगळी रक्कम त्यांच्या उत्पन्नात धरतात. आणखी एक पेच आहे: काकाने पुतण्याला दिले तर करमुक्त, पुतण्याने काकाला दिले तर नाही. कारण घेणाऱ्याच्या बाजूने नातं मोजतात. काकांना द्यायचे असतील तर आधी सीएशी बोला.

१८. उलटा प्रश्न. मी अनिवासी आहे आणि सुट्टीत घेतलेल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या तिकिटाला बक्षीस लागलंय. पैसे इंग्लंडला आणता येतील?

येणार नाहीत. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू असलेली सरकारी लॉटरी आहे, तिकीट घेण्यात काही चूक नाही. पण प्रश्न ९ मधल्या त्याच परिशिष्टात लॉटरीच्या बक्षिसाची रक्कम भारताबाहेर पाठवायलाही मनाई आहे. कर कापून आलेले पैसे तुमच्या एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या कमाईसाठीचं रुपयांचं खातं) जमा करा आणि भारतातच वापरा: घराची दुरुस्ती, आईवडिलांचा दवाखाना, गावच्या विहिरीचं राहिलेलं काम.